ईआर-३२ कोलेट सेट: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात आयएसओ-४० टेपरचं (होल्डर बसायच्या निमुळत्या तोंडाचं माप) मिलिंग मशीन आहे. त्यासाठी दिवाळीच्या आधी नागदेवी स्ट्रीटवरून ईआर-३२ मापाचा होल्डर आणि ३ ते २० मि.मी.चा १८ कोलेटांचा सेट घेतला. कोलेट म्हणजे कटर आवळून धरणारी चिरांची निमुळती बाही. आता पावसाळा लागलाय.

घ्यावा का? जरूर घ्यावा. एंडमिल (दांड्याचा मिलिंग कटर) बदलताना ड्रॉ-बोल्टला (होल्डर वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टला) हात लावावा लागत नाही. होल्डर स्पिंडलमध्येच (मशीनच्या फिरत्या दांड्यात) राहतो, खालून नट सोडला की झालं. फेस कटर (सपाटी करायचा मोठा कटर) लावायचा असेल तेव्हा मात्र होल्डर उतरवावाच लागतो.

पण बसवायची रीत पाळलीच पाहिजे. कोलेट आधी थोडा तिरका धरून नटमध्ये टक्कन बसवायचा, नट होल्डरवर दोन आटे चढवायचा, मग कटर घालून आवळायचा. बरेच ऑपरेटर कोलेट थेट होल्डरमध्ये टाकतात आणि वरून नट फिरवतात. नटच्या आतली रिंग कोलेटच्या खाचेत बसत नाही, कोलेट एका अंगाला दाबला जातो, कटर हलतो आणि सोडताना कोलेट आतच अडकून बसतो. टेपरवर एखादी चिप (धातूचा कीस) राहिली तरी कटर हलतोच. म्हणून मी दर वेळी कोलेटच्या चिरांतून हवा मारतो, टेपरवरून बोट फिरवतो आणि फिनिशिंगच्या आधी शँकवर (कटरच्या दांड्यावर) डायल लावून तो किती हलतो ते बघतो. १० चा कोलेट ०.०२ मि.मी.च्या आत आहे. ६ चा कितीही पुसला तरी ०.०५ दाखवतो. बारीक कार्बाइड कटरला हे अजिबात चालत नाही, सगळा भार एकाच धारेवर येऊन ती उडते. तेवढा एक कोलेट मी चांगल्यातला वेगळा आणला.

कटर निवडताना: ॲल्युमिनियमला दोन फ्लूटचा (चरांचा), चिप निघायला जागा हवी, नाहीतर माल धारेला चिकटतो. एमएसला (साध्या पोलादाला) चार फ्लूटचा. १० चा एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर एमएसवर ८०० ते ९०० आरपीएमला छान चालतो. आणि १० चा कोलेट ९ ते १० एवढंच पकडतो, त्यात ८ चा शँक आवळू नका. कटर नसताना नट कधीच आवळू नका, कोलेट कायमचा वाकतो.

मुंबईच्या दमट हवेत कोलेटांवर दोन-तीन दिवसांत तांबूस डाग दिसू लागतात. संध्याकाळी तेलाचं फडकं फिरवावंच लागतं.

सोबतचा पाना मऊ निघाला, महिनाभरात तोंड उघडलं. घेतानाच फोर्ज केलेला पाना वेगळा मागा.