कॉस्टकोची मेंबरशिप परवडते का? दोन माणसांच्या घरातला वर्ष-दीड वर्षाचा अनुभव

कॉस्टको म्हणजे अमेरिकेतलं मोठाल्या पॅकमध्ये माल विकणारं दुकान, तिथे खरेदीला वर्षाची फी भरून मेंबर व्हावं लागतं. आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. घरी गाडी असेल आणि रोजचा स्वयंपाक घरीच होत असेल तर वर्षाला ६५ डॉलरवाली साधी गोल्ड स्टार मेंबरशिप बिनधास्त घ्या, वसूल होते. १३० डॉलरवाली एक्झिक्युटिव्ह मात्र हिशोब केल्याशिवाय घेऊ नका, कारण तो हिशोब आपल्या घरांमध्ये जरा वेगळा बसतो. आपली निम्मी वाणसामानाची यादी इंडियन स्टोअरला जाते, आणि नेमकं हेच मेंबरशिप घेताना कुणी धरत नाही.

आम्ही दोघंच, बॉथेलला राहतो, सिॲटलच्या बाजूला. म्हणजे कॉस्टकोच्या अगदी घरच्या अंगणात. हेड ऑफिस इसाक्वाला, आणि ते ज्या ‘कर्कलंड सिग्नेचर’ नावाने सगळं विकतात ते कर्कलंड गाव आमच्या शेजारीच आहे, १९९५ला तो ब्रँड काढला तेव्हा त्यांचं ऑफिस तिथे होतं. इथे ऑफिसात कुणाला विचारा मेंबरशिप घेऊ का, तर लोक असं बघतात की अजून घेतली नाहीस? त्यामुळे इथल्या लोकांचा सल्ला मी फारसा धरला नाही, स्वतःच वही काढली.

आता गणित. फी २०२४च्या सप्टेंबरमध्ये वाढली, आधी ६० आणि १२० होती. एक्झिक्युटिव्हमध्ये खरेदीवर २ टक्के परत मिळतात, वर्षातून एकदा, जास्तीत जास्त १२५० डॉलर (तिथपर्यंत पोचणारी घरं कुठली ते देव जाणे, बहुतेक हॉटेलवाले). वरचे ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला साधारण २७०. ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यात पेट्रोल धरत नाहीत, फूड कोर्टातलं खाणं धरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, साबुदाणा, कढीपत्ता, मेथीची जुडी, गोडा मसाला यातलं तिथे काही मिळत नाही. बासमतीची मोठी पोती मिळतात, आमच्या भागातल्या दुकानात कणीकही दिसते, पण आंबेमोहोर हवा असेल तर पुन्हा इंडियन स्टोअरच. आमचा दोघांचा कॉस्टकोतला खर्च महिन्याला २००च्या आसपास येतो. वर्षाचे २४०० झाले, त्यावर २ टक्के म्हणजे ४८ डॉलर. ६५ जास्तीचे देऊन ४८ परत घ्यायचे! अमेरिकन घरात दूध, मांस, ब्रेड, चीज, स्नॅक्स सगळं तिथूनच येतं, त्यांचं सहज वसूल होत असेल, आपलं तसं नाही.

मग साधी तरी का घ्यायची? माझ्यासाठी पहिलं उत्तर लोणी. अनसॉल्टेड बटरचा चार पाउंडांचा पॅक आणायचा, जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर कढवायचा, तळाशी बेरी खरपूस झाली की गॅस बंद, आणि महिन्याभराचं तूप तयार. बाहेर तयार तुपाच्या छोट्याशा बरणीला जे पैसे मोजावे लागतात ते बघितले की यातच फीचा मोठा हिस्सा निघून जातो. वास पण आपल्या घरच्यासारखा येतो, अगदी सायीच्या लोण्याच्या तुपासारखा नाही पण त्याच्या जवळपास. दुसरं ग्रीक योगर्ट. रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं की सकाळी चक्का, आणि योगर्ट आधीच घट्ट असल्यामुळे अर्धं काम झालेलं असतं, फक्त नॉनफॅट घेऊ नका, श्रीखंड पिठूळ लागतं. तिसरं फ्रोझन मटार, पाच पाउंडांची पिशवी, उसळीला, पुलावाला, करंज्यांना, कशालाही. कांदे-बटाटे पण तिथलेच, संपतातच. आणि ते कच्चे टॉर्टिया मिळतात ना, तव्यावर भाजायचे, ते एकदा आणून बघा, मैद्याचे आहेत, पोळी म्हणून रोज खायचे नाहीत, पण रात्री साडेआठला घरी आल्यावर कणीक मळायची ताकद नसते तेव्हा कुणी नावं ठेवत नाही.

पालकाचं मात्र मला अजून जमलेलं नाही. म्हणजे भाव उत्तम, पाला स्वच्छ, पण तो डबा दोन माणसांनी संपवायचा म्हणजे सोमवारी पालक-डाळ, मंगळवारी पराठे, बुधवारी पातळ भाजी आणि गुरुवारी नवरा विचारतो बाहेर जेवूया का. हाच सगळ्या प्रकारातला खरा मुद्दा आहे. पाउंडाचा भाव स्वस्त असतो तो पूर्ण पॅक पोटात गेला तर. एक तृतीयांश फेकून दिलात तर तो भाव कोपऱ्यावरच्या साध्या सुपरमार्केटच्या वर जातो. नाशवंत गोष्टींमध्ये दोघांच्या घराने फार उड्या मारू नयेत.

यावर उपाय मला आईकडून मिळाला. आई मुंबई ग्राहक पंचायतीची मेंबर, १९७५ला सुरू झालेली चळवळ आहे ती, ज्यांच्या घरी होती त्यांना सांगायला नको. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ, महिन्याची यादी भरायची, सामान एका घरी उतरायचं आणि मग सगळ्यांनी बसून वाटप करायचं. फोनवर मी पालकाचं रडगाणं लावलं होतं तर ती म्हणाली, अगं मग वाटून घ्या की, आम्ही काय वेगळं करत होतो! तर आता आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तीन घरं मिळून करतो. व्हॉट्सॲपवर यादी, जी जाईल ती आणते, अंडी, पालक, सफरचंदं, टोमॅटो असं सगळं एका घरी वजनकाट्यावर वाटून होतं. मेंबरशिपचं कार्ड दुसऱ्याला वापरायला देता येत नाही हे लक्षात ठेवा, आत शिरताना स्कॅनर लावलेत आणि फोटो दिसतो. मेंबर स्वतः गेला तर सोबत दोन पाहुणे नेता येतात, आणि फीमध्येच घरातल्या एका व्यक्तीला दुसरं कार्ड फुकट मिळतं, ते नवऱ्याच्या नावाचं लगेच काढून घ्या. बाहेर वाटप करायला कुणाची ना नाही. तीन घरांचं सामान माझ्या कार्डावर आलं की एक्झिक्युटिव्हचा आकडा पण गाठता येईल हे मैत्रिणीनेच सुचवलं, पण मग ते २ टक्के तीन घरांत वाटायचे का, यावर चर्चा सुरू झाली आणि तिथेच थांबवली मी ती.

पेट्रोल. सगळ्यात कंटाळवाणी बचत पण सगळ्यात खात्रीची. आसपासच्या पंपापेक्षा गॅलनमागे पंचवीस-तीस सेंट कमी असतात बऱ्याचदा. बारा गॅलनला साडेतीन डॉलर धरा, महिन्यात दोनदा भरलंत तर वर्षाला ८०-८५ डॉलर, म्हणजे नुसत्या पेट्रोलवर साधी फी निघाली. अट एकच, मुद्दाम त्यासाठी वाट वाकडी करायची नाही, आणि शनिवारी दुपारी तर नाहीच, इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहायचं आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जाळायचं याला काय अर्थ. मी सकाळी ऑफिसला जाताना भरते, रांग नसते. टेस्लावाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या.

टायरचं फार कमी लोक बोलतात. चार टायर तिथे बसवले की पुढे ते टायर संपेपर्यंत रोटेशन, बॅलन्सिंग, हवा, पंक्चर सगळं त्यातच येतं. ज्या वर्षी टायर बदलायचेत त्या वर्षी मेंबरशिपचा प्रश्नच उरत नाही.

आता सुकामेवा, म्हणजे भारतवारी. बदाम तीन पाउंडांची पिशवी, पिस्ते, अक्रोड, काजू, आणि चॉकलेटं. २३ किलोच्या बॅगेत अर्धी जागा यांचीच. गंमत अशी की जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक भारतच आहे, म्हणजे पुण्यात आत्याबाई ज्या दुकानातून बदाम घेतात ते पण बहुधा इथूनच गेलेले. पण नाही, ‘तू आणलेले मोठे असतात गं.’ असतील बाई. भावाच्या दृष्टीने बघाल तर हल्ली भारतातही चांगले मिळतात, फरक पूर्वीइतका राहिलेला नाही, पण मानपान कुठे भावावर चालतो. जायच्या आधीच्या महिन्यात आमचं कॉस्टकोचं बिल नेहमीच्या दुप्पट होतं हे वर्षाच्या हिशोबात धरा.

सासू-सासरे सहा महिने येऊन राहिले तेव्हा सगळं गणितच बदललं. दूध दुप्पट, फळं तिप्पट, कारण बाबांना रोज संध्याकाळी फळ लागतंच. महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलर वाढले. शिवाय बाबांना ते दुकानच फार आवडलं. बर्फात फिरायला जाता येत नाही तर तिथे आत छतापर्यंत रचलेल्या मालामधून एक फेरी मारली की चालणं होतं, सॅम्पल खायला मिळतं, आणि शेवटी फूड कोर्टात १.९९चा चीज पिझ्झाचा तुकडा, तो एकट्याने संपत नाही इतका मोठा. ते १.५० डॉलरचं हॉट डॉग आणि कोल्ड्रिंक १९८५पासून त्याच भावात आहे हे बाबांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, निवृत्त बँक ऑफिसर, लगेच विचारतात मग यांना परवडतं कसं?

परवडतं कारण त्यांचा नफा मालातून कमी आणि आपल्या फीतून जास्त येतो. २०२४च्या आर्थिक वर्षात नुसत्या मेंबरशिप फीचे त्यांना ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा ७.४ अब्जांच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. माल मोजकाच ठेवतात, चारेक हजार वस्तू, साध्या सुपरमार्केटात त्याच्या कितीतरी पट असतात. केचप घ्यायला गेलात तर पंधरा ब्रँड नाहीत, एक-दोन, पण प्रचंड बाटली. आणि बाहेरच्या ब्रँडवर साधारण १४ टक्क्यांच्या वर नफा चढवायचा नाही असा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. हे सगळं चांगलंच, पण यातच मेख आहे. फी आधीच भरलेली असते म्हणून प्रत्येक वेळी वाटतं की आलोच आहोत तर वसूल करूया, आणि ४.९९ची भाजलेली कोंबडी मुद्दाम दुकानाच्या पार टोकाला ठेवलेली, तिथपर्यंत जाताना वाटेत टीव्ही, जाकिटं, बागेतल्या खुर्च्या, डिसेंबरचे दिवे ऑक्टोबरमध्येच. लोक दूध आणायला जातात आणि गाडीच्या टपावर कयाक होडी बांधून परत येतात. म्हणून मी एक करते, मोठी ट्रॉली घेत नाही, हातात मावेल किंवा खोक्यात बसेल तेवढंच. वाटून घ्यायच्या दिवशी अर्थात ट्रॉली लागते.

बारीकसारीक गोष्टी ज्या कामाला येतात: किंमत .९७ने संपत असेल तर तो बहुधा काढून टाकायचा माल असतो, आणि पाटीच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो परत येत नाही असं समजतात, आवडती वस्तू असेल तर तेव्हाच घ्या. क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं, नाहीतर डेबिट किंवा कॅश. माल परत घेण्यात उदार आहेत, फक्त इलेक्ट्रॉनिक्सला ९० दिवस. औषधांच्या काउंटरला मेंबरशिप लागत नाही, हे ज्यांच्याकडे आईबाबा आलेले असतील त्यांनी लक्षात ठेवा.

सॅम्स क्लब हे असंच दुसरं मेंबरशिपवालं दुकान, त्याची फी कमी आहे, टेक्ससमधल्या मैत्रिणी त्याच्यावर खूश आहेत. पण आमच्या बाजूला ते नाहीच, त्यामुळे तुलना करायला मी लायक नाही. जे जवळ आहे ते घ्या. वीस मिनिटांच्या पुढे असेल तर भाव कितीही चांगला असो, तुम्ही जाणार नाही.

गणपतीत आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि आरतीला तीस-चाळीस माणसं येतात, तेव्हा कागदी प्लेट, ग्लास, नॅपकिन, केळी, पाण्याच्या बाटल्या, श्रीखंडाचं योगर्ट, सगळं एका फेरीत येतं आणि त्या आठवड्यात मला कुणी फी विचारली तर मी दुप्पट देईन. नंतर गौरी गेल्या की शहाणपण परत येतं.

तर गेल्या वर्षी, म्हणजे सासू-सासरे, टायर आणि भारतवारी असं सगळं एकत्र आलं त्या वर्षी, एक्झिक्युटिव्ह घेतलं होतं. ३९००च्या आसपास खरेदी झाली, ७८ डॉलर परत आले, म्हणजे १३ डॉलरचा फायदा आणि सकाळी तासभर आधी आत सोडतात ती सोय, जी आम्ही कधी वापरली नाही कारण रविवारी नऊला उठतं कोण. या वर्षी कुणी येणार नाहीये, टायर नवे आहेत. रिन्यू करताना काउंटरवर जाऊन साधीवर आणली, दोन मिनिटांचं काम. त्या मुलीने एक्झिक्युटिव्हचे फायदे परत एकदा सगळे वाचून दाखवले, तिचं कामच ते, मी हो हो म्हटलं आणि ६५ भरले. कुणाला तरीही धाकधूक वाटत असेल तर मेंबरशिप कधीही रद्द केली तरी पूर्ण फी परत देतात, तेव्हा भारतवारीच्या दोन महिने आधी घेऊन बघा.