मायनर तत्त्वज्ञान: दोन वर्षं बसून लिहिलेला अभिप्राय

मेजर अर्थशास्त्र, मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, तत्त्वज्ञान. पुण्यातल्या एका कॉलेजात बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, निकाल लागायचाय अजून.

हा विषय मी निवडला वगैरे नाही. मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, भूगोलाचा तास माझ्या बसशी जुळत नव्हता. राहिलं हे. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "घे गं, सोपा असतो पेपर." नसतो.

आधी रडगाणं. नव्या शैक्षणिक धोरणात मायनरला जागा मिळाली, आमच्या वेळापत्रकात मात्र नाही. तास एकतर सकाळी सात वीसला, नाहीतर दुपारी अडीचला, डबा खाऊन डोळे मिटत असताना. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला सगळे मिळून ३०. तेवढ्यात थेलीसपासून कांटपर्यंत पळायचं. एक्सप्रेसच्या खिडकीतून स्टेशनांच्या पाट्या वाचाव्यात तसं झालं. देकार्त आला, गेला. स्पिनोझाला गाडी थांबलीच नाही. परीक्षेत 'टिपा लिहा', आणि त्यासाठी झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स, ज्यात ह्यूमचं जन्मसाल आहे पण ह्यूमला पडलेला प्रश्न नाही.

पैसे वसूल झाले ते न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात. शिकवायला तासिका तत्त्वावरचे सर, दिवसाला दोन कॉलेजं करणारे. त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, वर धूर. धूर आहे म्हणून अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथवर कुणालाही कळतं. मग म्हणाले, "आता उलटं करा. अग्नी आहे म्हणून धूर आहे, चालेल?" आम्ही म्हटलं चालेल. "लोखंडाचा गोळा लालबुंद तापलाय. धूर कुठाय?" धुराला सरपण ओलं लागतं. हे मधलं ओलं सरपण, ज्याच्यामुळे साधं अनुमान फसतं, ती उपाधी.

मी वहीतून मान वर काढली. दोनच आठवड्यांपूर्वी इकॉनोमेट्रिक्सच्या (अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीच्या) तासाला 'वगळलेला चल', म्हणजे हिशेबात न धरलेलं तिसरंच कारण, शिकवला होता, दीड पान समीकरणांसकट, आणि मला काडीचा कळला नव्हता. तो हाच की! पुढच्या तासाला चार्वाक आले: धूर आणि अग्नी नेहमी बरोबरच असतात हे तुम्ही सगळ्या काळात, सगळ्या जागी जाऊन पाहिलंत का? ह्यूम १७४८ साली जवळपास हेच विचारत होता. नोट्समधून गळालेला प्रश्न असा मागच्या दाराने आला.

मराठीतून पेपर लिहावा का, असं बरेच जण विचारतात. लिहा. 'एपिस्टेमॉलॉजी' पाठ करावं लागतं, 'ज्ञानमीमांसा' वाचूनच निम्मं कळतं. नोट्सवर पैसे घालवू नका. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश ग्रंथालयात आहे का बघा. तीन खंड आहेत. आमच्याकडे धूळ झटकून काढावे लागले.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या सरांचा. ते पुढच्या वर्षी असतील की नाही, कुणी सांगू शकत नाही.

दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा आण्णा खुशीत. कुठलंसं टॉनिक फवारलं म्हणून सोयाबीन एकरी दोन क्विंटल जास्त निघालं म्हणाले. मी विचारलं, पाऊस कसा होता? चांगला होता. शेजारच्यांनी फवारलं होतं का? नाही. त्यांचं किती निघालं? आण्णा जरा गप्प झाले.

"त्याचंबी वाढलंच की," म्हणाले. मग चहाची बशी खाली ठेवून, "पुढच्या साली अर्ध्या रानात मारतो, अर्ध्यात नाही. तू येऊन बस मोजत."

आई आतून म्हणाली, ह्यासाठी पुण्याला पाठवलंय होय हिला.