ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्रित गोळी: उपयोगी आहे, पण उरलेले पाकीट घरात कोणालाही देऊ नये

गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेली बादली उचलताना माझ्या कमरेत उसण भरली, तेव्हा डॉक्टरांनी ॲसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, जास्तीत जास्त पाच दिवस घेण्यास सांगितले. ही गोळी अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात आणि जनऔषधी केंद्रातही ती स्वस्तात मिळते. त्यामुळे येथे लिहिले आहे ते कोणत्याही एका ब्रँडविषयी नसून या मिश्रणाविषयी आहे.

गुणाच्या बाबतीत माझी तक्रार नाही. पहिल्या गोळीनंतर तास-दीड तासात वाकून चप्पल घालता आली, त्या रात्री कूस बदलताना जाग आली नाही आणि चौथ्या दिवशी मी गोळी थांबवली. ॲसेक्लोफेनॅक हे शरीरात सूज आणि ठणका निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी करते, तर पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या पातळीवर वेदना आणि ताप कमी करते, सुजेवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. मुरगळणे, उसण किंवा दाढ काढल्यानंतरचे दुखणे यांसाठी हे मिश्रण चार-पाच दिवस वापरणे मला योग्य वाटते.

मात्र हीच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. जेवणानंतर गोळी घेतली की पोटाला काही होत नाही, ही आपल्याकडची समजूत अर्धीच खरी आहे, कारण औषध रक्तात मिसळल्यावरही जठरावर परिणाम करते. सोबत दिलेली पॅन्टोप्राझोलची, म्हणजे जठरातील आम्ल कमी करणारी, गोळी जठराला बरेच संरक्षण देते, मूत्रपिंडाला नाही.

माझ्या पाकिटात तीन गोळ्या उरल्या होत्या. आईचे गुडघे बरीच वर्षे दुखतात. तिने त्या घेतल्या, आराम वाटला म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणखी आणल्या आणि जवळपास दोन आठवडे रोज दोन याप्रमाणे घेतल्या. या पाकिटावर उभी लाल रेघ असते, म्हणजे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे असते, तरीही दुकानदाराने तिला एक प्रश्नही विचारला नाही. त्याने कात्रीने कापून दिलेला चार गोळ्यांचा एक तुकडा मी नंतर पाहिला: मागच्या बाजूला ‘पॅरासिटा’ एवढीच अक्षरे शिल्लक होती, ॲसेक्लोफेनॅकचे नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर गेली होती. आपण साधी तापाची गोळी घेत आहोत, असे आईला वाटले असल्यास त्यात तिची चूक नव्हती.

आईला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्रित गोळी चालू आहे. पायांवर सूज आली आणि लघवी कमी झाली म्हणून रक्त तपासले, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) ०.९ वरून १.८ वर गेले होते. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले, ते असे: मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी ॲसेक्लोफेनॅकमुळे आकसते, गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनमुळे सैल होते, आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातील पाणी कमी करते, त्यामुळे रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब तिन्ही बाजूंनी घसरतो. गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांत आकडा पूर्ववत झाला. पाकीट टेबलावर उघडे ठेवणारी मीच होते, याचे मला अजून वाईट वाटते.

म्हणूनच गोळी लिहून घेताना आपल्याला चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वीचा अल्सर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामक घेतल्यावर वाढणारा दमा आणि गरोदरपण यांचा उल्लेख तर कधीही वगळू नये. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे दोन्ही चालू असतील तर बेरीज करावी. प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि यकृत अशक्त असल्यास ती आणखी कमी होते. पावसाळ्यात अंग मोडून ताप आला की हीच गोळी घेणारे कितीतरी लोक मी पाहते. तो ताप डेंग्यूचा असेल तर ॲसेक्लोफेनॅकमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डेंग्यूची शंका दूर होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. शौच काळी डांबरासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

याच गोळीत सेराटिओपेप्टिडेज नावाचे विकर (एन्झाइम) घातलेला तिसरा प्रकारही मिळतो. तो सूज लवकर उतरवतो असे दुकानात सांगतात. जपानमध्ये ताकेदा कंपनीने आपले सेराटिओपेप्टिडेजचे औषध २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतले, कारण चाचणीत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत, असे मला वाटत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात ॲसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती, तेव्हा घरात जुने पाकीट असल्यास त्यावरील आकडे वाचून पाहावेत.

औषधाचा त्रास झाल्यास सामान्य रुग्णालाही तो सरकारकडे नोंदवता येतो, हे मला आईच्या आजारपणात कळले. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना दोन्ही घटकांची नावे, मात्रा आणि सोबतची औषधे विचारतात, म्हणून पाकीट पूर्ण घ्यावे आणि संपेपर्यंत ते टाकू नये.