‘ड्राइव्ह गेलाय’ असं सांगितलं, तर पैसे काढण्याआधी हे बघा

सीडी राइट होताना मध्येच एरर येते. घरी बोलावलेला कम्प्युटरवाला ट्रे दोनदा आतबाहेर करतो आणि सांगतो, “काकू, ड्राइव्ह गेलाय. लेन्स वीक झालीय, नवीन टाकावा लागेल.” मग नवीन म्हणून जो लागतो तो कुणाच्या तरी पीसीतून काढून पुसलेला असतो. तुमचा चांगला ड्राइव्ह “स्क्रॅप आहे, आम्ही नेतो” म्हणत पिशवीत जातो आणि पुढच्या घरी तोच नवा होतो. भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज किंवा जुन्या कॅसेट अजून सीडीवर उतरवणाऱ्या मुंबईतल्या घरांनी हे नीट समजून घ्यावं.

सर्वात जास्त गंडवलं जातं ते ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’वर. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह मधल्या भोकाजवळच्या राखीव पट्ट्यात लेसर कमीजास्त ताकदीने मारून बघतो. या डिस्कला किती ताकद लागेल हे ठरत नसेल, तर ही एरर येते. दोष बहुतेक वेळा डिस्कच्या रंगाच्या थरात असतो. कधी लेन्सवर धूळ असते, किंवा एसएमपीएसकडून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारे 5 आणि 12 व्होल्ट लिहिताना खाली पडतात. लेसर खरंच थकलेला असू शकतो, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. आधी वेगळ्या कंपनीची डिस्क घ्या आणि वेग 52एक्सवरून 16एक्सवर आणा. 80 मिनिटांची डिस्क तरीही पाच-सहा मिनिटांत होते. दोन कंपन्यांच्या डिस्क, दोन वेग आणि दुसरा कम्प्युटर, एवढं करूनही तीच एरर आली तर ड्राइव्ह गेला म्हणा. दुकानातून आणलेली गाण्यांची तयार सीडी वाजते, म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, असं मात्र नाही. लिहायला वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते.

डिस्कमध्येही फसवतात. पन्नासच्या स्पिंडलमध्ये वरच्या दोन-चार चांगल्या, खाली भलत्याच. इम्गबर्न हे सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर उघडून कोरी डिस्क घातली की उजवीकडे 97 मिनिटांनी सुरू होणारा कोड आणि त्यापुढे बनवणाऱ्याचं नाव दिसतं. वरची, मधली आणि तळाची डिस्क घालून बघा. तीन वेगळी नावं आली तर पाकीट नंतर कुणीतरी भरलेलं आहे, मूळचं नाही. तिथेच मोकळे सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे कप्पे) दिसतात: 700 एमबीच्या डिस्कला 3,60,000 च्या आसपास. 3,33,000 च्या आसपास दिसले, तर 650 एमबीची डिस्क 700 च्या भावात गळ्यात मारली आहे. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर ती डिस्क परत करा. आणि छापील बाजू जपा. माहिती त्याच बाजूला, पातळ लॅकरखाली असते; तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक.

ड्राइव्ह ‘माय कम्प्युटर’मधून एकदम नाहीसा झाला, की नवीन विकणं फार सोपं जातं. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड 31, 39 किंवा 41 असेल, तर कारण बऱ्याचदा बर्निंगचं सॉफ्टवेअर अर्धवट निघाल्याचं असतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) कंट्रोलखालच्या क्लासमध्ये 4डी36ई965 ने सुरू होणारी की उघडा. ती आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. मग ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ एवढ्याच दोन नोंदी काढून रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर एखादं बर्निंग सॉफ्टवेअर रुसलं तर ते पुन्हा टाकावं लागतं, इतकंच.

एक्सपीच्या जुन्या मशीनवर ‘ड्राइव्ह स्लो झालाय’ म्हणतात तेव्हा विंडोजने वारंवारच्या एररमुळे डीएमए ही माहिती ने-आण करायची वेगवान पद्धत सोडून पीआयओ ही संथ पद्धत पकडलेली असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमधून सेकंडरी आयडीई चॅनेल (ड्राइव्ह जिथे जोडलेला असतो तो) अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की डीएमए परत येतो. नाही आला तर केबल बदला.

नवा ड्राइव्ह घ्यायचाच असेल, तर पीसीत लावण्याआधी हातात घ्या. बाजूच्या चार स्क्रू-भोकांत आटे घासून चमकत असतील, मागच्या साटा जोडणीच्या (केबल लागते तिथल्या) सोनेरी पट्ट्यांवर रेघा असतील किंवा लेबलवरचा महिना-वर्ष फार जुना असेल, तर तो वापरलेला असू शकतो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन घेतलात तरी हेच बघा. तिथे चोख माल देणारेही खूप आहेत आणि ते ड्राइव्ह खोक्यातून काढून दाखवायला नाही म्हणत नाहीत.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. हे नसलं तर तक्रारीत हात रिकामे राहतात. बिल असेल आणि दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लावा. जुना ड्राइव्ह मात्र दुरुस्तीवाल्याला नेऊ देऊ नका. त्याचा सीरियल नंबर आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे पीसी दुकानात गेला तरी परत आलेला ड्राइव्ह तुमचाच आहे का, हे ताडता येईल.