बडोद्यात धंदा शिकायचाय: भाटचा दोन वर्षांचा कोर्स की थेट पीएमईजीपी?

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत मुलांनी धंद्याचं नाव काढलं की आधी नोकरीचं विचारतात. उधारी, वसुली, भांडवल या गोष्टी व्यापारी घरातल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतात. आपल्या मुलांना त्या मुद्दाम शिकाव्या लागतात. गुजरातने ही गरज लवकर ओळखली. 1970 च्या सुमारास इथे पहिल्या पिढीच्या उद्योजकांसाठी वर्ग सुरू झाले आणि 1983 मध्ये ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था उभी राहिली.

तिचा कॅम्पस गांधीनगरजवळ भाटला आहे. पदवीनंतर दोन वर्षं पूर्णवेळ, फी लाखांत. एवढं करून मिळतं काय? बाजाराची पाहणी, प्रकल्प अहवाल आणि धंदाच करायला आलेल्या मुलांची सोबत. माझ्या मते खरी किंमत या सोबतीची आहे, कारण पुढचे भागीदार आणि पुरवठादार त्यातूनच मिळतात. घरचा चालू व्यवसाय मोठा करायचा असेल तर हाच रस्ता घ्या.

पीएमईजीपी म्हणजे नवा धंदा उभारायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणारी केंद्राची योजना. तिच्यात शिक्षण थोडं, कर्ज मुख्य. 5 लाखांवरच्या प्रकल्पाला साधारण 10 दिवसांचं प्रशिक्षण असतं. 2022 पासून उत्पादनासाठी प्रकल्पखर्चाची मर्यादा 50 लाख, सेवेसाठी 20 लाख आहे. समजा, शहरात एखादी ताई 10 लाखांचं मसाल्याचं युनिट टाकतेय. तिचे स्वतःचे 50 हजार, बाकी बँकेचे. अनुदान 25 टक्के, म्हणजे अडीच लाख. खुल्या वर्गातल्या पुरुषाला 1 लाख घालावे लागतात आणि अनुदान 15 टक्केच. पण अनुदानाचे हे पैसे लगेच हातात येत नाहीत, ते बँकेत 3 वर्षं अडकून राहतात. खेळतं भांडवल त्या भरवशावर धरलं तर पहिल्याच वर्षी ओढाताण होते. शिवाय ही योजना नव्या युनिटसाठी आहे, म्हणून आधी दुकान थाटून मग अर्ज करू नका. चालू नियम अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

डभोई, पादऱ्याकडच्या मुलामुलींनी आरसेटीचं, म्हणजे ग्रामीण तरुणांसाठी बँका चालवतात त्या स्वयंरोजगार केंद्रांचं, मोफत निवासी प्रशिक्षण आधी पाहावं.

माझा कौल स्पष्ट आहे. हातात कसब आणि ठरलेलं गिऱ्हाईक असेल तर पीएमईजीपी. नुसती पदवी आहे, माल कोणता तेच ठरलेलं नाही, तर दोन्ही थांबवा आणि वर्षभर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे, म्हणजे मोठ्या कारखान्यांची कामं करून देणाऱ्या छोट्या उद्योजकाकडे, हिशेबाला बसा. लघुउद्योजकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं असं 2006 चा कायदा सांगतो. ते खरोखर कधी येतं, मागायला कोण जातं आणि तोवर कामगारांचा पगार कशातून निघतो, हे तिथे रोज दिसेल. त्यानंतरही भाटला जावंसं वाटलं तर अवश्य जा; वर्गात विचारायला तुमच्याकडे प्रश्न तयार असतील.