वर्षभरात संपूर्ण बायबल की एका वेळी एकच पुस्तक?

नवीन वर्षाच्या उपासनेत वाचनाचा तक्ता हातात पडतो आणि 'यंदा संपूर्ण शास्त्र' असे मनात येतेच. दुसरा मार्ग म्हणजे एकच पुस्तक धरून तीन-चार आठवडे त्यातच राहायचे. दोन्ही चांगले. तुमचा रोजचा नेम कुठे मोडतो, ते पाहून ठरवावे.

तक्त्याचा हिशेब सोपा दिसतो. अध्याय 1189. रोज चार आणि रविवार मोकळा धरला तर 298 दिवस लागतात, म्हणजे वर्षात पंधराएक दिवस हाताशी उरतात. अध्यायाला चार-पाच मिनिटे, एकूण वीस. पण उत्पत्तीपासून सरळ निघालात तर चौथ्याच आठवड्यात विधी-नियमांनी भरलेले लेवीय लागते आणि नव्या कराराचे पहिले पुस्तक मत्तय उघडेपर्यंत सप्टेंबर सरत येतो. त्यापेक्षा जुन्या करारातले तीन आणि नव्यातला एक असे घ्यावे. जुना 310 दिवसांत होतो, नवा 260. रविवार सोडून हाताशी मात्र तीनच दिवस राहतात.

आणि गाडी अडते ती तिथेच. लेवीय एक वेळ निभावते, थकबाकी निभावत नाही. घरी दोन दिवस पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी बारा अध्याय समोर उभे, म्हणजे जवळजवळ तास. त्यात गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय आला तर 89 वचने, बारा सरदारांची अर्पणे बारा वेळा, जवळपास त्याच शब्दांत. मग नुसते डोळे धावतात, तक्त्यावर खूण होते आणि प्रार्थनेची पाच मिनिटेही मागची भरपाई करण्यात जातात. माझा कौल फिरला तो यामुळे.

एका पुस्तकाच्या पद्धतीत थकबाकी नावाची गोष्टच नाही. चुकलेल्या दिवसाची वचने दुसऱ्या दिवशी तिथेच असतात. सुरुवात नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्रापासून करावी: चार अध्याय, 104 वचने. पहिल्या दिवशी सगळे पत्र एका बैठकीत, पुढे रोज पाच-सहा वचने, मोठ्याने, दोनदा. वहीच्या डाव्या पानावर वचन काय म्हणते ते, उजव्या पानावर आज त्याचे काय करायचे ते. 'म्हणून', 'कारण' असे शब्द अधोरेखित करा. 4:1 ची (चौथ्या अध्यायाच्या पहिल्या वचनाची) सुरुवातच 'म्हणून'ने होते. तिसरा अध्याय ताजा नसेल तर ते वचन अधांतरी राहते. 2:2 मधला एकमनाचा आग्रह आधी सर्वसाधारण वाटतो. 4:2 ला मंडळीतल्या दोन स्त्रियांची नावे येतात, तेव्हा तो कुठे रोखलेला होता ते कळते. तक्त्याच्या वेगात ही दोन वचने जोडली जाणे अवघडच.

या पद्धतीचा दोष म्हणजे आवडत्या पत्रांतच घुटमळणे. म्हणून एका पत्रानंतर जुन्या करारातले एक पुस्तक ठेवावे: रूथ (85 वचने) किंवा योना (48). टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारे पुस्तक, शेवटी उघडावा. आधी उघडला की उजवे पान कोरे राहते.

ज्यांनी जुना करार फक्त शब्बाथ शाळेतल्या (चर्चमधल्या मुलांच्या वर्गातल्या) गोष्टींतून ऐकला आहे, त्यांनी मात्र एकदा तक्ता पुरा करावा. फक्त वर्षाऐवजी दोन वर्षे धरा. रोज दोन अध्याय, रविवार मोकळा, तरी तीसएक दिवस शिल्लक राहतात.