सेकंड हँड क्रॉसओव्हर: काही महिने वापरल्यावर सांगतो, आधी कार्पेट उचलून बघा

जुनी क्रॉसओव्हर घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात, गिअर टाकून बघतात, टायर बघतात, गाडी कुठे ठोकली होती का ते शोधतात. कार्पेट उचलून कोणी बघत नाही. गेल्या काही महिन्यांत माझ्या गाडीने जो मनस्ताप दिला तो जवळपास सगळा त्या कार्पेटखालून आला. म्हणून आधी तेच सांगतो, मायलेज-पिकअपचं नंतर बघू.

गाडी पेट्रोल, सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), फ्रंट व्हील ड्राइव्ह, वर पॅनोरमिक सनरूफ. पहिल्या मालकाकडून थेट घेतली, सर्व्हिसची सगळी बिलं होती, इंजिन बाहेरून कोरडं, म्हणजे कुठे ऑइल गळत नव्हतं, रंग मूळचा. सगळं तपासून घेतलेली गाडी. आणि पहिल्या जोरदार पावसानंतर सकाळी दार उघडलं तर आत कुबट वास.

काचा आतून धुरकट. एसी काचेवर सोडला की साफ व्हायच्या आणि पुन्हा धुरकटायच्या. पुढच्या डाव्या बाजूची रबरी मॅट उचलली. खालचं कार्पेट हाताला जेमतेम गार लागत होतं, ओलं म्हणावं असंही नाही. पण तळहात ठेवून जोर दिला आणि बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वर आलं. रस्त्याचा आवाज अडवायला कार्पेटच्या खाली जाड फोम असतो. तो पाणी पितो आणि सोडत नाही. वरचं कापड एसीच्या हवेने वाळतं, खाली पाणी तसंच राहतं. त्यामुळे नुसता हात फिरवून काही कळत नाही, दाबून बघावं लागतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. जॉब कार्डवर ‘पाणी गळती’ एवढंच लिहिलं. नंतर ॲडव्हायझरचा फोन: "सर, सनरूफचं रबर गेलंय. नुसतं रबर मिळत नाही, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल. छताचं लायनिंग उतरवायला लागेल, गाडी राहू द्या." मी विचारलं, "कुठल्या कोपऱ्यातून पाणी येतंय?" तर म्हणे, "सनरूफमधूनच सर." "हो, पण चारपैकी कुठल्या कोपऱ्यातून?" यावर उत्तर नाही. "नळ्या बघितल्यात का?" यावरही नाही. आणि एस्टिमेट असं, की त्यात वर्षभराची सगळी सर्व्हिस आणि वर टायरचा सेट निघाला असता. मी कामाला परवानगी दिली नाही आणि गाडी परत आणली.

या गोष्टीची चीड मला अजून आहे, कारण सनरूफ कसा चालतो हे ज्याला माहीत आहे तो पहिल्या मिनिटाला रबर बदला म्हणणार नाही. सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते बहुतेक पाणी बाहेर ठेवतं, बाकीचं आत झिरपणार हे डिझाइनमध्ये धरलेलं असतं. त्यासाठी काचेच्या भोवती खाली पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या विंडस्क्रीनच्या कडेच्या खांबांतून खाली उतरतात आणि दाराच्या बिजागराजवळ किंवा पुढच्या चाकाच्या आसपास बाहेर पडतात. मागच्या दोन डिकीच्या बाजूने मागच्या बंपरकडे जातात. नळी माती, पानांचा चुरा, परागकण यांनी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी काठावरून छताच्या लायनिंगमध्ये, तिथून खांबातून थेट पायाशी. छतावर डाग पडलाच पाहिजे असंही नाही. माझ्या गाडीत छत स्वच्छ होतं.

तपासणी अगदी सोपी आहे. सनरूफ उघडायचा, पुढच्या कोपऱ्यात नळीचं तोंड दिसतं, तिथे छोट्या बाटलीने हळूहळू पाणी सोडायचं आणि दुसऱ्याला खाली बघायला सांगायचं. उजव्या बाजूने पाणी लगेच खाली टपकलं. डावीकडे पन्हळीतच उभं राहिलं. गवत कापायच्या मशीनला लागते ती नायलॉनची दोरी, टोक चटका देऊन गोल केलेलं, हलक्या हाताने नळीत सारत गेलो. खाली काळा चिकट गाळ पडला, त्याच्यामागून पाणी. बस्स. कुठलाही पार्ट नाही, कुठलं लायनिंग उतरवणं नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो: कंप्रेसरची हवा तिथे मारू देऊ नका. जोरात हवा मारली की नळी आतल्या सांध्यातून निसटू शकते, आणि मग मात्र लायनिंग खरंच उतरवावं लागतं.

पाणी दिसलं म्हणजे सनरूफच, असंही धरून चालू नका. कडक उन्हात, एसी लावून चालवल्यावर पायाशी ओल येत असेल तर ते एसीचं पाणी, त्याची बाहेर जाणारी नळी तुंबलेली असते. हे पाणी स्वच्छ असतं. ओल चिकट लागली, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट थर धरला तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय, ते लगेच बघायचं काम. फक्त पाऊस किंवा धुलाईनंतर येत असेल तर नळ्या, दाराच्या आतल्या पत्र्यावरचं प्लास्टिकचं आवरण, किंवा विंडस्क्रीनखालची जाळी जिथे पानं साचतात. हे तीन प्रश्न विचारायला सर्व्हिस सेंटरला कुठलंही मशीन लागत नाही.

नळी मोकळी झाली पण पाण्याने जायच्या आधी आपलं काम केलं होतं. काही आठवड्यांनी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला. कधी लागायचा, कधी नाही, सीट मागेपुढे केली की हमखास. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, साइड एअरबॅग आणि सीटबेल्टचे. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगचा असतो आणि तिथे स्वतः हात घालायचा नाही, बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय मेकॅनिकनेही नाही. बाहेरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तो कनेक्टर उघडून दाखवला. एका पिनच्या बुडाशी हिरवट-पांढरी पूड चढलेली, शेजारच्या पिना चकचकीत. एवढीशी पूड, आणि अपघातात एअरबॅग उघडेल की नाही याचा भरवसा गेलेला. कुटुंबासाठी घेतलेल्या गाडीत मला हे सगळ्यात जास्त खटकलं.

सीट काढून, कार्पेट उचलून, फोमखाली हवा खेळती ठेवून वाळवावं लागलं. फोम पूर्ण वाळायला वाटतं त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. परफ्यूम, कोळशाच्या पिशव्या वगैरे उपाय करत बसू नका, पाणी आत आहे तोवर वास जाणार नाही. उलट विकायला ठेवलेल्या गाडीत भरमसाट परफ्यूम मारलेला असेल तर मी आता पहिली शंका हीच घेईन. सीटचे बोल्ट गंजलेत का बघेन, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकाला पाण्याची रेघ आहे का बघेन, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात हात घालेन.

आता गिअरबॉक्स. गाडी घेतली तेव्हा माझं ठाम मत होतं की सीव्हीटी म्हणजे सेकंड हँडमध्ये जोखीम. हे मत आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकेत निसानला कितीतरी मॉडेलांच्या सीव्हीटीची वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती. सीव्हीटीत गिअर नसतात, दोन पुलींच्या मध्ये पोलादी पट्टा असतो आणि पुलींची रुंदी बदलून वेग जमतो. पट्टा पुलीवर घसरू नये हे सगळं त्या खास ऑइलवर अवलंबून. ‘ऑइल आयुष्यभरासाठी’ असं कोणी सांगितलं तर विचारा, कोणाच्या आयुष्यभरासाठी. पहिल्या मालकाचं आयुष्य गाडी विकताना संपतं.

पण काही महिन्यांनी मत बदललं आहे. ठरलेल्या ग्रेडचंच ऑइल घालून बदललं (साधं ऑटोमॅटिकचं ऑइल यात कधीही चालत नाही), आणि कमी वेगात जी बारीक थरथर यायची ती गेली. गर्दीत, चढावर, पूर्ण भरलेल्या गाडीत अगदी शांतपणे चालते. बिलांमध्ये ऑइल बदलल्याची नोंद असेल आणि गार इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह दिली तर मी आता सीव्हीटीला घाबरणार नाही. रोजचं चालवणं अडकत-थांबत असेल तर कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लचपेक्षा (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मी तीच निवडेन. त्या ड्युअल क्लचला मुंगीच्या पावलांनी सरकणं मानवत नाही, क्लच तापतो आणि धक्के सुरू होतात.

इंजिनबद्दल थोडक्यात, कारण माझ्या इंजिनने तक्रार केली नाही. इंजिनच्या आतल्या भागांचा मेळ राखणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट ते मॉडेलचं वर्ष सांगून विचारून घ्या. ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट असेल, जसा फोर्डच्या सुरुवातीच्या १.० इकोबूस्टमध्ये आणि प्यूजो-सित्रोएनच्या जुन्या १.२ प्युअरटेकमध्ये असतो, तर ऑइलची प्रत्येक नोंद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेल्टचा चुरा ऑइलच्या गाळणीत अडकला की इंजिनला ऑइल पुरत नाही. डिझेल घेणार असाल तर वापर लांब पल्ल्याचा हवा. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, शाळा-बाजार-घर एवढ्या फेऱ्यांत ते तापमान येत नाही.

क्रॉसओव्हर म्हणजे शेवटी कारच्याच सांगाड्यावर उंच बसवलेली गाडी, त्यामुळे सस्पेन्शनमधले पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड लवकर बोलायला लागतात. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना ‘टक’ असा आवाज आला तर लिंक रॉड. स्वस्त पार्ट, भाव करायला उत्तम. वेग वाढेल तशी वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग. डिकीचा मागचा वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवा मधूनच बंद पडत असेल तर बल्ब बदलण्याआधी बिजागराजवळच्या रबरी नळकांड्यातल्या वायरी बघा, उघडझाप होऊन त्या तिथेच तुटतात. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. ऑल व्हील ड्राइव्ह घेत असाल तर चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर विनाकारण ताण येतो.

स्कॅनर लावून बघणारे बरेच जण फक्त एरर कोड आहे की नाही एवढंच बघतात. कोड पुसून गाडी दाखवणं फार सोपं आहे. स्कॅनरमध्येच ‘रेडिनेस’चं पान असतं, गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते (मॉनिटर) त्या पूर्ण झाल्या का ते तिथे दिसतं. कोड पुसले की यातले बहुतेक मॉनिटर कोरे होतात आणि बऱ्यापैकी गाडी चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. विक्रेता म्हणतोय गाडी रोज वापरात आहे आणि इथे अर्धे मॉनिटर अपूर्ण, तर बॅटरी नुकती काढली होती का हे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा आठवड्याने या असं सांगून निघा. पी०४२० सारखा कोड, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, असाच लपवला जातो, आणि तो पार्ट महाग असतो.

आणि सनरूफ? कार्पेट वाळत घातलं होतं तेव्हा मी घरात जाहीर केलं होतं की पुढची गाडी बिनसनरूफची. ते मी मागे घेतो. नळ्या मोकळ्या असतील तर हा सनरूफ त्रास देत नाही, मागे बसणाऱ्यांना गाडी मोकळी वाटते, मुलं आकाश बघत शांत बसतात. त्यानंतर गाडीने मुसळधार पाऊस कितीदा तरी उघड्यावर काढला आणि कार्पेट दाबलं तर कोरडं. माझा राग सनरूफवर नाही. मालकाच्या पुस्तिकेत नळ्यांच्या सफाईबद्दल बऱ्याचदा एक ओळ नसते, सर्व्हिसच्या यादीतही बऱ्याचदा ते काम नसतं, आणि तुंबल्यावर थेट असेंब्लीचं एस्टिमेट समोर येतं, राग त्यावर आहे. सर्व्हिस सेंटरला मी लेखी कळवलं की गळती नळी तुंबल्याने होती आणि तुमचं निदान चुकीचं होतं. मॅनेजरने फोन करून तपासणीचे पैसे परत केले. जॉब कार्डवरची ‘सनरूफ असेंब्ली बदलणे आवश्यक’ ही नोंद मात्र अजून काढलेली नाही. ती गाडीच्या रेकॉर्डवर राहिली तर उद्या मी गाडी विकताना समोरचा त्यावरून भाव पाडेल, म्हणून तिचा पाठपुरावा चालू आहे.